नावाच्या शेवटी ल

वाशीमला नोकरी लागली तेव्हा खोली शोधत मी त्या घरी गेले, आणि खोली दाखवण्याआधी माझं नाव तपासलं गेलं. फाटकाच्या आत प्लास्टिकच्या खुर्चीवर एक गृहस्थ हरभऱ्याची भाजी निवडत बसले होते. पांढरा पायजमा, वर बाह्या दुमडलेला खाकी शर्ट. मी भाड्याच्या खोलीचं विचारलं. एकट्या बाईला घरमालक जे जे विचारतात, म्हणजे लग्न झालं का, भेटायला कोण येणार, मटण खाता का, त्यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"नाव काय?" ते म्हणाले. "आडनाव नका सांगू. आडनावाचं मले काई कराचं नाही."

मी नाव सांगितलं. त्यांचे ओठ थोडे हलले, भाजीची काडी मोडायची राहिली.

"स हाय पहिला. सवाले दार वाजवलं का अर्धं पाऊल मांगं सरकतात. तुमी बी आत्ता सरकल्या." मी खाली पाहिलं. पायरीवरून मी खरंच खाली उतरले होते. "शेवटी त हाय. तवाले जातानी काही ना काही इसरून जातात, मंग ते घ्याले वापस येतात. भाडेकरू म्हनून चांगले. खोली पाहून घ्या."

आतून बाईचा आवाज आला, "आंधी पानी तं पिऊ द्या तिले. अक्षरं काय पळून चालले?"

या काकू. आणि भाजी निवडणारे ते काका. गावात त्यांना कंट्रोलर म्हणत, कारण निवृत्त होईपर्यंत ते बसस्टँडवर कंट्रोलर होते. त्यांचं नाव मी इथे देत नाही. दिलं तर तुम्ही त्याची अक्षरं सुटी करायला बसाल, आणि स्वतःच्या नावाला कोणी हात लावलेला काकांना खपत नसे. एकदा दूधवाल्याने धीर करून विचारलं होतं, "साहेब, तुमचं नाव काय सांगते?" त्यावर काका म्हणाले, "डॉक्टर सोताची नाडी पाह्यते का?" दूधवाला दूध मापताना गालातल्या गालात हसत होता हे मी पाहिलं.

काकांची पद्धत साधी होती. नावातल्या काना, मात्रा, वेलांट्या आधी काढून टाकायच्या. "ते दागिने हायेत. काढले का मानूस दिसते," असं ते म्हणत. मग अक्षरं एकेक करून पाहायची. पहिलं अक्षर म्हणजे माणूस घरात येतो कसा. मधली अक्षरं म्हणजे राहतो कसा. शेवटचं अक्षर म्हणजे जातो कसा. प्रत्येक अक्षराची खोड ठरलेली होती. कवाले बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता शर्टाच्या गुंड्यांकडे बघतात. मवाले ओट्याशी उभ्याने खातात आणि वर आपण जेवलोच नाही म्हणून सांगतात. पवाल्यांना भांडं दिलं तर ते परत येतं, पण घासलेलं नसतं. नावाच्या मधे द असला की कपात घोटभर चहा उरतोच. या सगळ्याचा राशी-नक्षत्रांशी काडीचा संबंध नव्हता. ज्योतिषाचा विषय काढला तर काका उलट चिडत. "ते थोतांड हाय सारं," म्हणत.

मी गणित शिकवते. एखादी गोष्ट दोनदा घडली म्हणून तिसऱ्यांदा घडेलच असं नाही, हे मुलांना सांगून सांगून माझा घसा बसतो. त्यामुळे पहिले काही महिने मी काकांशी वाद घालत असे. मी म्हटलं, काका, आपल्या भागात घरटी एक गजानन. भर चौकात गजानन म्हणून हाक मारली तर अर्धा चौक वळून बघेल. मग त्या सगळ्यांच्या खोडी सारख्या का नाहीत? काका जराही डगमगले नाहीत. "बापाचं नाव बी पाहा लागते नं," म्हणाले. आणि एकाच बापाचे दोघं भाऊ असले तर आईचं नाव. आईचंही नाव जुळलं तर ज्याने हाक मारली त्याचं. त्यांच्या शास्त्राला मागचं दार होतं, आणि त्या दाराला कडी नव्हती.

हे शास्त्र त्यांना बसस्टँडवर सापडलं होतं. जाळीच्या खिडकीत बसून ते माइकवर गाड्या पुकारत. जत्रेच्या आणि लगीनसराईच्या दिवसांत गाड्यांच्या मधूनमधून हरवलेल्या पोरांची नावंही पुकारावी लागत. "नाव पुकारलं का आपोआप खिडकीपाशी येनारी पोरं वेगळी," ते सांगत. "रसवंतीवर बसून राह्यनारी वेगळी. आन काही पोरं भलत्याच गाडीत चढून बसनारी. मायनं नाव सांगतलं का मले समजे, हे पोट्टं स्टँडातच हाय का शिरपूरच्या गाडीत बसून निंगालं." अशी पोरं त्यांनी शिरपूर जैनला आणि मंगरूळपीरला फोन करून उतरवून घेतली होती, आणि ती खरोखर सापडली होती. नाव ऐकून सापडली की गाड्यांच्या वेळा तोंडपाठ असल्यामुळे सापडली, हे मी एकदा विचारलं. त्यांनी मला त्या दिवशी चहा विचारला नाही.

एक गोष्ट मात्र माझ्यासारख्या गणितवालीलाही मान्य करावी लागली. त्यांनी सांगितल्यापासून मी वस्तू विसरू लागले. आधी मी विसराळू नव्हते, आईला विचारा. पण त्या घरात राहायला गेल्यावर दिवाळीला गावी निघाले की अर्ध्या रस्त्यातून परत यायची. कधी चार्जर, कधी चष्म्याचं घर, एकदा तर कपड्यांची पिशवीच. फाटकात काका बसलेले असत. खुर्ची जरा बाजूला घेऊन मला वाट देत. मला इतका संताप येई की काय सांगू. माझं एकटीचंच नव्हे, सगळ्या गल्लीचं तसंच झालं होतं. पहिल्या अक्षरावरून ज्या बाईला त्यांनी भांडखोर ठरवलं होतं, ती पहिल्यांदा हसण्यावारी आणि नंतर खरोखर भांडायची. ज्याला उधळ्या म्हटलं तो, आपलं नावच तसं म्हणून, हात सैल सोडायचा. लोकांना ते आवडतही असे. आपल्या खोडीचं खापर फोडायला आयतं अक्षर मिळालं तर कोणाला नको असतं?

काकू तेवढ्या सुटल्या होत्या. त्यांचं नाव काकांनी कधी वाचलंच नाही असं त्या सांगत. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात काका सुरू झाले होते, तेव्हा काकूंनी ताट पुढे सरकवून म्हटलं होतं, "माह्यं नाव राहू द्या, वरनात मीठ हाय का ते पाहा." तेव्हापासून तो विषय मिटला. काकू कमी बोलत. बोलल्या की मग काका खुर्ची उचलून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेत.

त्यांचा मुलगा नितीन. हे नाव काकांनी स्वतः, विचार करून, ठेवलं होतं. आधी न, मधे त, शेवटी पुन्हा न. "नपासून निंगाला आन नवरच थांबला. हा घर सोडून जाऊच शकत नाही," असं ते अभिमानाने सांगत. नितीन इंजिनिअर झाला होता. त्याला पुण्याला चांगली नोकरी लागली होती, पण तिथे तो गेलाच नाही, आणि आता बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवत होता. मी एकदा त्याला विचारलं, का रे गेला नाहीस? तो मोबाइलचा बारीक स्क्रू शोधत होता. मान वर न करता म्हणाला, "बॅग भरली होती मॅडम. बाबा म्हनले, तू काही जात नाहीस, तुह्या नावातच नाही. रात्रभर वाटून राह्यलं, खरंच आपल्याच्यानं होनार नाही. सकाळी बॅग खाली केली." तो तक्रार करत नव्हता. पाऊस आला म्हणून कपडे आत घेतले, अशा सुरात सांगत होता. मला मात्र त्या दिवशी काकांचं ते शास्त्र गमतीचं वाटेनासं झालं.

शीतल आमच्याच शाळेत विज्ञान शिकवायची. शिरपूरकडची, शेतकऱ्याघरची पोरगी. उंच, भरभर चालणारी, बोलताना पुढच्याचं वाक्य आपणच पुरं करणारी. ती माझ्या खोलीवर पेपर तपासायला यायची. तिच्या मोबाइलची काच फुटली, ती मी नितीनकडे पाठवली, आणि नंतर तो मोबाइल इतक्या वेळा बिघडायला लागला की मला समजायचं ते समजलं. दोन्ही घरची जात एक, जमिनीही साधारण सारख्या. तिच्या वडिलांनी चौकशी केली. काकूंनी पोरगी पाहिली आणि त्याच दिवशी तिला वाटीभर तिखट बांधून दिलं. अडेल असं काहीच नव्हतं. काकांपर्यंत नाव पोचलं तेव्हा अडलं.

मी तिथेच होते. काकांनी ओठ हलवले.

"श चांगला," म्हणाले. "त बी चालते. पन शेवटी ल हाय."

"मग?" मी म्हटलं.

"लवाले जातात. आन गेले का वापस येत नाहीत."

इतकं बोलून ते उठले आणि आत गेले. मी काकूंकडे पाहिलं. त्या गहू पाखडत होत्या. सूप खाली ठेवून त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं, आणि तिथे मला कळलं की या घरात एक मुलगीही होती. नितीनहून मोठी. कोमल.

इतकी वर्षं मी त्या घरात राहत होते आणि हे नाव मी एकदाही ऐकलं नव्हतं. भिंतीवर फोटो नव्हता. काकूंनी सांगितलं ते असं. बारशाच्या दिवशी काका ड्युटीवर होते. आत्याने पाळण्यात बाळाच्या कानात कुर्र केलं आणि आपल्या आवडीचं नाव ठेवून मोकळी झाली. काका घरी आले, त्यांनी नाव ऐकलं आणि जेवले नाहीत. बदला म्हणाले. पण आत्याने ठेवलेलं नाव बदललं तर ती जन्मभर बोलणार नाही, म्हणून सासू अडून बसली. नाव तेच राहिलं. मग काका त्या पोरीला जपू लागले, पण कसं, तर तिच्यावर पहारा ठेवून. सहलीला पाठवलं नाही. मामाकडे मुक्कामाला पाठवलं नाही. आणि येताजाता म्हणायचं, ही जानारच हाय. कॉलेज संपता संपता तिने दुसऱ्या जातीतला एक मुलगा पसंत केला. घरी येऊन सांगितलं, पळून गेली नाही. काकांनी वाद घातला नाही, आरडाओरडा केला नाही. "मले मालूम होतं," एवढंच म्हणाले आणि तिच्या मागे फाटक लावून घेतलं. तिचं नाव घरात घ्यायचं नाही, असं ठरलं.

"कुठे असते आता?" मी विचारलं.

"आंधी सुरतले होते. आता मंगरूळपीरले हायेत. जावयाचं हार्डवेअरचं दुकान हाय. त्याहिले मालूम नाही." त्याहिले म्हणजे काकांना. "ते संध्याकाळी फिराले गेले का आमी बोलतो. रोजच."

काकूंचा फोन कायम स्पीकरवर असायचा, कारण पोळ्या लाटताना त्या तो डब्याला टेकवून ठेवत. संध्याकाळी स्वयंपाकघरातून येणारा दुसऱ्या बाईचा आवाज मी रोज ऐकत होते आणि बहिणीशी बोलत असतील असं समजत होते.

काकांनी लग्नाला नाही म्हटलं नाही. नितीनचं तोंड पाहून तेवढं त्यांना म्हणवलं नसावं. त्यांनी तोड काढली. लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत आहेच. घरात आल्यावर ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यावर बायकोचं नवं नाव लिहितो. हल्ली पुष्कळ जण तिचं जुनंच नाव लिहितात, पण रीत मोडलेली नाही. काकांनी नाव ठरवलं शोभना. "पहिलं अक्षर तिचंच ठेवलं," मला समजावून सांगितलं. "शेवटी न आनला, नितीनसारखा. दोघंही घरात राह्यतीन. तुमी सांगा तिले. तुमची मैत्रीण हाय."

मला हे काम नको होतं, पण मीच फुटक्या काचेपासून यात होते. शाळेच्या पायऱ्यांवर डबा खाताना मी शीतलला सारं सांगितलं, लवाले जातात हेही. ती आधी हसली. म्हणाली, शोभना तं माह्या आजीच्या जमान्यातलं नाव हाय. मग तिने डब्याचं झाकण लावलं.

"मॅडम, मले पोळ्या कराले सांगा, सकाळी पाचाले उठाले सांगा. मी करीन. पन मले शोभना म्हनून कोनी हाक मारली तं मी वळनारच नाही, कारन ते मी नाही. आन माह्यं नाव ठेवून रोज जानारी म्हनत असतीन तं तेही चालनार नाही. तसं असन तं आत्ताच सांगा. मी बाबाले सांगतो, नाही जमत."

मी विचारलं, "एका नावासाठी लग्न मोडशील?"

"मी नाही मोडत. ते मोडून राह्यले."

हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, लग्नात पोरी ऐकतात, चार लोकात कोन नाही म्हनते. हे नितीनलाही सांगितलं. तो म्हणाला, बघू. त्याचं ते "बघू" ऐकून मला त्याचा कान धरावासा वाटला. लग्नपत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या. त्यावर चि. सौ. कां. शीतल होतं, कारण पत्रिका तिच्या वडिलांनी छापली होती. तिच्या मनात काय आहे ते तिने मला स्पष्ट सांगून ठेवलं होतं. ताटात दुसरं नाव उमटलं तर ती तिथून उठणार होती, हळद-कुंकवासकट. ती बोलल्याप्रमाणे वागणारी पोरगी आहे, हे मी शाळेत पाहिलं होतं. 

लग्न शिरपूरला झालं. व्यवस्थित झालं. ऊन कलता कलता वरात वाशीमला आली. शीतलने माप ओलांडलं, देवाला नमस्कार केला आणि पुढच्या खोलीत पाटावर बसली. काकूंनी स्टीलच्या मोठ्या ताटात तांदूळ पसरून आणले. दाराशी बायकांची गर्दी. नितीनने बोटातली अंगठी काढून हातात घेतली आणि वडिलांकडे पाहिलं. शीतल नितीनकडे बघत होती. माझ्याकडे तिने एकदा पाहिलं, आणि पाटावरचा एक पाय खाली ठेवला. उठायच्या तयारीचा.

"शोभना," काका म्हणाले. "लिही."

नितीनचा हात तांदळावर आला आणि तिथेच थांबला. पुढे जाईना, मागे येईना.  मला वाटलं, झालं, हा आता लिहिणार, आणि ती उठणार.

"थांब नितीन," काकू म्हणाल्या.

आवाज चढलेला नव्हता. त्या ताटाच्या दुसऱ्या बाजूला बसल्या आणि काकांकडे बघून बोलल्या. काकांसमोर त्यांना इतकं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"ताटात न लिहिला तरी तुमच्या डोक्यात ल राह्यनारच हाय. हे पोरगी माहेरी गेली का तुमी फाटकात बसून राह्यसान. कोमलचं तसंच केलं. तिले धड बोलता येत नव्हतं तईपासून तुमी सांगत आले, हे जानार. शाळेत निंगाली तं जानार. पान्याले गेली तं जानार. पोरगी बापाचं आयकते. तिनं आयकलं. आन जाऊन जाऊन गेली कुठं? मंगरूळपीरले हाय ते. माह्याशी रोज बोलते. नितीनशी बोलते. लमुळं कोनाले सोडून नाही गेली. तुमीच फाटक लावून घेतलं."

 काका उभेच होते. मंगरूळपीर हे नाव त्यांनी इतक्या वर्षांत माइकवर किती वेळा घेतलं असेल. त्यांचे ओठ हलले, पण ते कोणाचं नाव सोडवत होते असं मला वाटलं नाही. मला त्यांचा फार राग होता, त्या क्षणीही होता, आणि तरी तो म्हातारा माणूस भर घरात असा एकटा उभा राहिलेला मला बघवेना. ते भीत होते. इतकी वर्षं आम्ही ज्याला शास्त्र म्हणत होतो, ती सगळी त्यांची भीती होती.

"मंगरूळपीरले," ते म्हणाले.

"दोन वर्षं झाले."

काका खाली बसले. नेहमीची खुर्ची बाहेर होती, म्हणून सतरंजीवर, बायकांच्या मधे. नितीनकडे न बघता म्हणाले, "लिही. जे तुमाले लिहाचं ते लिही."

नितीनने पटकन लिहिलं, म्हणजे वडिलांचा विचार बदलायच्या आत. अक्षर वाकडंतिकडं आलं. शीतलने मान पुढे करून वाचलं, आणि पाय परत पाटावर घेतला. कोणीतरी साखर वाटली.

"फोन लाव तिले," काका काकूंना म्हणाले.

काकूंनी पदराच्या गाठीत अडकवलेला फोन काढला. नंबर लावला आणि बोलायला तोंडाशी नेणार, तेवढ्यात काकांनी हात पुढे केला. त्यांनी फोन घेतला. तो स्पीकरवरच होता, आणि स्पीकर बंद कसा करायचा ते त्यांना ठाऊक नव्हतं. दोनदा वाजला आणि उचलला गेला. मागे दुकानाचा, लोखंडाच्या सळ्यांचा आवाज येत होता.

"हां आई, बोल वं," पलीकडून घाईघाईने आवाज आला. "कवाची वाट पाहून राह्यली मी. घरात घेतलं का वहिनीले? काय नाव लिहिलं ताटात?"

काकांनी ताटाकडे पाहिलं. वाचून सांगितलं.

"शीतल," म्हणाले. "होतं तेच ठेवलं."

पलीकडे सळ्या वाजायच्या थांबल्या. कोणीतरी फोन घेऊन आतल्या बाजूला गेलं असावं. काका फोन तोंडासमोर धरून बसले होते. 

मग तिकडून हळू आवाज आला, "जेवले का बाबा तुमी?"